भर रहदारींतील सायकल

सर्व वाहनांत सायकलीइतकें गरीब आणि सायकलीइतकें मानी वाहन दुसरें नाहीं. तिला दाणावैरण लागत नाहीं, पेट्रोल लागत नाहीं, सारथि लागत नाहीं; जो स्वार तोच घोडा, अशी ही विलक्षण सवारी आहे. ती कोणाच्या तोंडावर धूर सोडीत नाहीं, कोणाची झोंप मोडीत नाहीं, आणि भिंतीलगत हातभर जागा मिळाली तरी तिची तक्रार नसते. असें हें निरुपद्रवी वाहन आज आमच्या शहरांतून मागें पडत चाललें आहे, आणि त्याचें कारण विचारलें तर बहुतेक पालक एकच शब्द उच्चारतात: भीति. ही भीति कितपत खरी, आणि खरी असल्यास तिच्यावर उपाय काय, याचा थोडा विचार या वार्षिकाच्या वाचकांपुढें मांडावा, असें आम्हीं योजिलें आहे.

सायकलीचा इतिहास पाहिला तर त्याचा बराच भाग सुरक्षिततेच्या शोधाचाच आहे. १८१७ सालीं जर्मनींत कार्ल फॉन ड्राइस या गृहस्थानें दोन चाकें एकामागें एक बसवून, पायांनीं जमीन रेटीत चालावयाचें लांकडी यंत्र केलें. १८६० नंतरच्या दशकांत पॅरिस शहरीं पुढच्या चाकास पायडलें बसलीं. मग वेगाच्या लोभानें तें पुढचें चाक वाढत वाढत माणसाच्या छातीपर्यंत आलें, आणि स्वार त्याच्या माथ्यावर बसूं लागला. वाटेंत एखादा धोंडा आडवा आला कीं स्वारी डोक्यावर कोसळत असे. १८८५ सालीं इंग्लंडांत जॉन केंप स्टार्ली यानें दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं असलेली आणि साखळीनें मागचें चाक फिरविणारी सायकल पुढें आणिली. या जातीच्या सायकलीस लोक 'सेफ्टी' म्हणजे निर्धोक सायकल म्हणूं लागले. पुढें तीनच वर्षांनीं, १८८८ सालीं, डनलॉप यानें हवेचा टायर काढिला आणि रस्त्याचे धक्के सौम्य झाले. आज आपण चालवितों ती सायकल मूळ आराखड्यानें तीच. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, त्या काळीं धोका यंत्रांतच होता, म्हणून यंत्र सुधारून तो घालवितां आला. आजचा धोका यंत्राबाहेर, रस्त्यावर आहे. त्यावरील उपाय कांहीं अंशीं स्वाराच्या अंगीं, आणि कांहीं अंशीं रस्ता बांधणारांच्या व वापरणारांच्या हातीं आहे.

आम्ही राहतों तें बाळकुम गांव हा धडा शिकण्यास फार योग्य ठिकाण आहे. एका अंगास खाडी आणि तिच्या कांठची खारफुटी, दुसऱ्या अंगास दूरवर येऊरचे डोंगर, आणि मधून जाणारा जुना आग्रा रस्ता, अशी येथली मांडणी. मूळची वस्ती आगरी व कोळी लोकांची. १९८२ सालीं ठाणें महानगरपालिका स्थापन झाली, भोंवतालचीं अनेक गांवें शहरांत आलीं, आणि बाळकुमही शहराचें अंग बनलें. शेतांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या. कशेळीच्या पुलापलीकडे भिवंडीच्या बाजूस गोदामांच्या रांगाच्या रांगा पसरल्या, आणि त्यांचा माल वाहणारे ट्रक, टेंपो व कंटेनर याच रस्त्यानें धांवूं लागले. २०१८ च्या डिसेंबरांत ठाणें-भिवंडी-कल्याण मेट्रोची कोनशिला बसली. पुढें रस्त्याच्या मधोमध खांब चढूं लागले, भोंवतीं पत्रे लागले, वाट अरुंद झाली. कोठें खड्डा, कोठें लोखंडी पाट, असा प्रकार झाला. अशा रस्त्यानें आम्ही बरींच वर्षें सायकलीवरून शाळेंत शिकविण्यास जात आहों. तेव्हां पुढें जें सांगणार तें पुस्तकी पांडित्य नसून रोजच्या वहिवाटींतलें आहे, एवढें वाचकांनीं मानावें.

२०२० सालच्या मार्चअखेर टाळेबंदी लागली, तेव्हां हाच रस्ता एकाएकीं मुका झाला. पुढें निर्बंध जसजसे सैल होत गेले, तसतशीं मुलांनीं सायकली बाहेर काढिल्या. ज्यांना अगोदर सोसायटीच्या फाटकाबाहेर जाण्याची मुभा नव्हती, तीं मुलें त्या दिवसांत मोकळ्या रस्त्यावर सायकल शिकलीं. परंतु रिकाम्या रस्त्यावर शिकलेली सायकल म्हणजे उथळ पाण्यांत शिकलेलें पोहणें. हळूहळू रहदारी परतली, आणि त्यांतल्या कितीतरी सायकली जिन्याखालीं गेल्या. टायरांतली हवा उतरली, सीटवर धूळ बसली.

अशीच एक सायकल आमच्या वर्गांतल्या एका मुलीची होती. मुलगी हुशार, सकाळच्या जादा तासांस येण्याची तिची फार इच्छा. पण त्या वेळची बस भरून येई आणि कित्येकदां न थांबतां निघून जाई. वडील रिक्षा घेऊन पहांटेसच बाहेर पडत, आणि शाळेच्या गाडीचा खर्च घराला झेपत नसे. सायकल असूनही ती वापरावयाची नाहीं, असा आईचा निर्बंध. एके दिवशीं माउली स्वतःच आम्हांस भेटावयास आल्या. म्हणाल्या, "सर, आमच्या काकांचें तुम्हांला ठाऊकच आहे. आतां पोरीला सायकलीवर धाडूं कीं नको, तें तुम्हींच सांगा."

काकांचें आम्हांस ठाऊक होतें. आमच्याच पाड्यांतले हे काका तीस वर्षें सायकलीवरून कामास जात. एका सकाळीं, एका नाक्यावर, डावीकडे वळणाऱ्या एका टँकरच्या मागच्या चाकाखालीं त्यांची सायकल गेली. जीव वांचला, पण डावा पाय कायमचा अधू झाला, आणि नोकरी सुटली. ज्या घरानें हें पाहिलें, त्या घरच्या आईला "घाबरूं नका" असें सांगणें हा शुद्ध उद्धटपणा झाला असता. म्हणून आम्ही इतकेंच म्हणालों, "बाई, तुमची भीति खोटी नाहीं. पण भीतीला थोडें शिक्षण देतां येतें. मे महिन्याची सुटी आम्हांला द्या. शेवटीं तुम्हीं स्वतः पाहा, आणि मग ठरवा."

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. धीटपणा आणि बेफिकिरी हीं दोन भावंडें नव्हेत. बेफिकीर मुलगा दोन ट्रकांच्या फटींतून सायकल काढतो आणि त्याला शौर्य समजतो. भित्रा मुलगा गटाराच्या कडेला चिकटून, दर क्षणीं दचकत, नागमोडी जातो. दोघांत एक दोष समान आहे: पुढच्या क्षणीं हे काय करतील तें दुसऱ्या कोणासही कळत नाहीं. रहदारीचें सारें शास्त्र आमच्या मतें या एका गोष्टींत आहे: आपण काय करणार तें दुसऱ्यास आधीं कळलें पाहिजे, आणि दुसरा काय करणार तें आपण आधीं ताडलें पाहिजे. भाषेंत जसें कर्ता, कर्म, क्रियापद आपापल्या जागीं असलें म्हणजे अर्थ चटकन् लागतो, तसें रस्त्यावर ज्याची जागा आणि दिशा ठरलेली असते त्याचा अर्थ चटकन् लागतो.

पहिला आठवडा आम्हीं मैदानावर घालविला. प्रथम सायकलीची तपासणी: टायर अंगठ्यानें दाबून पाहणें, दोन्ही ब्रेक आवळून सायकल पुढें ढकलून पाहणें, चेन सैल आहे काय, हँडल सरळ आहे काय, घंटी वाजते काय. सीटची उंची अशी ठेविली कीं पायडल खालीं गेलें असतां गुडघा किंचित् वांकलेला राहावा, आणि थांबतांना पायाचा चवडा जमिनीस टेकावा. दप्तर हँडलास अडकवावयाचें नाहीं. तें कॅरिअरवर बांधावयाचें, किंवा पाठीस घट्ट घ्यावयाचें. ओढणीचीं टोकें गांठ मारून आंत खोवावयाचीं, कारण ओढणी चाकांत गुंतून झालेले अपघात मोटारीच्या धडकेइतकेच घातक असूं शकतात. डोक्यावर हेल्मेट, कानांत गाणीं नाहींत. कान हा सायकलस्वाराचा पाठीमागचा डोळा आहे. तो झांकून रस्त्यावर जाणें म्हणजे आरसा फोडून गाडी हांकणें होय.

मग चुन्यानें एक लांब रेघ ओढून तिच्यावरून सरळ जाण्याचा सराव. हें सोपें वाटतें. पण त्याच रेघेवरून जातां जातां उजव्या खांद्यावरून मागें पाहावयास सांगितलें कीं सायकल आपसुक उजवीकडे झुकते. जेथें नजर जाते तेथें खांदा जातो, आणि खांद्यामागें हँडल जातें. मागें पाहूनही रेघ न सोडणें, ही कला चार-पांच दिवसांत साधते, आणि रहदारींतल्या निम्म्याअधिक धीराचें मूळ येथें आहे. ज्याला मागें पाहतां येत नाहीं, त्याला मागून येणारा प्रत्येक आवाज राक्षसाचा वाटतो. पाहतां येऊं लागलें कीं तोच आवाज कधीं रिक्षेचा, कधीं बसचा, इतकाच उरतो.

तिसरा सराव थांबण्याचा. सायकल पुढच्या ब्रेकानें अधिक जोरानें थांबते, कारण थांबतांना अंगाचा भार पुढें येतो व पुढचें चाक रस्त्यास घट्ट धरतें. मागचा ब्रेक एकटाच करकचून आवळला तर मागचें चाक घसरतें. पुढचा एकटाच एकदम आवळला तर स्वार हँडलावरून उलटूं शकतो. म्हणून दोन्ही ब्रेक बरोबर, हळूहळू वाढत्या दाबानें, आणि शरीर किंचित् मागें. याबरोबरच हाताच्या खुणा: उजवीकडे वळावयाचें तर उजवा हात खांद्याच्या रेषेंत आडवा, वेग कमी करावयाचा तर तळवा जमिनीकडे करून हात वर-खालीं. खूण वळतांना करावयाची नसून वळण्यापूर्वीं करावयाची असते. आणि खूण केली म्हणजे वाट मिळालीच असें समजावयाचें नाहीं. आधीं मागें पाहणें, मग खूण, मग पुन्हां पाहणें, आणि मग वळणें.

दुसऱ्या आठवड्यांत आम्ही पाड्याच्या आंतल्या रस्त्यांवर आलों. येथें जागेचा प्रश्न आला. आमच्याकडे वाहनें डावीकडून चालतात. पण डावीकडून म्हणजे गटाराला घासून नव्हे. अगदीं कडेला खडी, कांचा, गटारांचीं झांकणें, रस्त्यावर उतरणारीं मुलें आणि कुत्रीं असतात. तेथें चालणारा स्वार क्षणाक्षणाला आंत-बाहेर करतो, आणि मागच्यास फसवितो. कडेपासून सुमारें दोन हात अंतर ठेवून सरळ जावें. असें केल्यानें स्वार मागच्यास स्पष्ट दिसतो, आणि प्रसंगीं डावीकडे सरकण्यास त्याच्याजवळ थोडी शिल्लक राहते. उभ्या मोटारींच्या शेजारून जातांना तर त्यांचें दार पुरें उघडलें तरी लागणार नाहीं इतकें लांब राहावें. दोन उभ्या मोटारींमध्यें रिकामी जागा दिसली म्हणून आंत शिरूं नये. लगेच बाहेर यावें लागतें, आणि नेमका तोच क्षण घाताचा असतो. उलट दिशेनें जाणें तर कधींच नाहीं, मग वळसा कितीही मोठा पडो.

वेगाचा हिशेब आम्हीं तिला फळ्यावर करून दाखविला, आणि तो सर्वच विद्यार्थ्यांनीं करून पाहावा असा आहे. ताशीं १५ किलोमीटर वेगानें जाणारी सायकल सेकंदाला सुमारें ४ मीटर जाते. ताशीं ६० किलोमीटरनें येणारी मोटार सेकंदाला जवळजवळ १७ मीटर येते. चालकास धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यांत मोटार १७ मीटर पुढें आलेली असते. ब्रेक लागण्यास अजून आरंभच झालेला नसतो. शिवाय वेग दुप्पट झाला कीं धडकेची शक्ति चौपट होते. हा हिशेब समजला म्हणजे दोन गोष्टी कळतात. एक, आपण एकाएकीं आडवे आलों तर चांगल्यांतला चांगला चालकही आपल्याला वांचवूं शकत नाहीं. दुसरी, गांवांतून जाणाऱ्या मोटारींचा वेग ताशीं ६० वरून ३० वर आणणें हा मुलांना वांचविण्याचा फार मोठा उपाय आहे, आणि तो मुलांच्या हातीं नाहीं.

तिसऱ्या आठवड्याचा धडा आम्हीं दिला नाहीं. तो काकांनीं दिला. त्यांचा पुतण्या ट्रक चालवितो. एका रविवारीं सकाळीं तो ट्रक मोकळ्या जागेंत उभा होता. काका काठी टेकीत आले, मुलीला चालकाच्या जागीं बसविलें, आणि आम्हांस म्हणाले, "सर, तुम्ही सायकल घेऊन डाव्या बाजूला, पुढच्या चाकाजवळ उभे राहा." आम्ही उभे राहिलों. काकांनीं खालून हांक दिली, "बाय, सर दिसतात का?" वरून उत्तर आलें, "नाहीं काका." आम्हांस ट्रकाच्या अगदीं नाकासमोर उभें केलें. "आतां?" "डोकें दिसतें थोडें." मग आम्हांस मागें, ट्रकापासून बरेंच दूर, जरा बाहेरच्या अंगास नेलें. "आतां दिसतात. आरशांत अख्खे दिसतात."

काका थोडा वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "त्या दिवशीं त्यालाही मी असाच दिसलों नाहीं. सिग्नलला तो उभा होता, डावीकडे फट होती. मी फटींतून पुढें जाऊन उभा राहिलों. तो वळला." पुढें त्यांनीं काठीनें मातींत ट्रकाचें वळण काढून दाखविलें. लांब गाडी वळते तेव्हां मागचीं चाकें पुढच्या चाकांच्या वाटेनें जात नाहींत. तीं आंतल्या बाजूनें, कोपरा कापीत जातात. पुढचें चाक आपल्यापासून दूर गेलें म्हणून स्वार निश्चिंत होतो, आणि मागचें चाक त्याच्यावर येतें. वळण्यासाठीं ट्रक कधीं कधीं आधीं उजवीकडे फांकतो. ती मोकळी झालेली डावी जागा आमंत्रण नसून सांपळा असतो.

त्या सकाळीं आम्हांस जें उमगलें तें असें: दुसऱ्याच्या जागीं बसून पाहिल्याशिवाय रस्ता कळत नाहीं. शेजाऱ्यास आपल्याप्रमाणें लेखावें, हें वचन आमच्या शाळेंत वारंवार कानीं पडतें. त्याचा इतका रोकडा अर्थ आम्हीं दुसरीकडे पाहिला नव्हता. काकांनीं त्या अनोळखी चालकावर राग धरला नव्हता. पण म्हणून सारा भार सायकलस्वारानेंच वाहावा, असेंही आम्हांस वाटत नाहीं. ज्याच्या हातीं वीस टनांचें यंत्र आहे, त्याची जबाबदारी पंधरा किलोच्या सायकलवाल्याहून मोठी असलीच पाहिजे. त्यानें वळण्यापूर्वीं आरसा पाहावा, मालकानें आरसे पुरते बसवावे, आणि थकलेल्या माणसास चाकामागें बसवूं नये. त्यांच्याकडून तें होईल तेव्हां होवो. तोंवर मुलांनीं एक नियम गांठीं बांधावा: ट्रक, बस, टँकर यांच्या डाव्या कुशींत कधींही शिरूं नये. सिग्नलला त्यांच्या मागें थांबावें. आरशांत चालकाचें तोंड आपणांस दिसत नसेल, तर आपण त्याला दिसत नाहीं असें खुशाल समजावें.

मोठ्या चौकांचा नियमही तेव्हांच ठरला. कापूरबावडी आणि माजिवडा येथें चोहोंकडून वाहनें येतात. तेथें उजवीकडे वळण्याचा पराक्रम मुलांनीं करूं नये. डाव्या कडेस थांबून उतरावें, सायकल हातीं धरावी, आणि पादचाऱ्यांबरोबर पायीं चौक ओलांडावा. यांत दोन मिनिटें जातात. अब्रू कांहीं जात नाहीं. बारीक गल्लींतून मोठ्या रस्त्यावर येतांना पूर्ण थांबून आधीं उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हां उजवीकडे पाहावें. रिक्षावाल्याच्या खांद्याची हालचाल, बसच्या दारांतली गर्दी, उभ्या मोटारीच्या चाकाचें किंचित् वळलेलें तोंड, यांवरून पुढचा प्रसंग आधींच वाचतां येतो.

कोंकणपट्टींत राहणाऱ्यास पावसाळ्याचा वेगळा धडा लागतो. रिमवर पाणी बसलें कीं ब्रेक उशिरां धरतो. म्हणून थांबण्याच्या बऱ्याच आधीं ब्रेक हलके दाबून रिम पुसून घ्यावा. लोखंडी पाट, गटारांचीं झांकणें आणि रस्त्यावरचे रंगीत पट्टे पावसांत साबणासारखे निसरडे होतात. त्यांवर वळूं नये आणि ब्रेकही आवळूं नये, सरळ निघून जावें. डबक्यांतून जाऊं नये, कारण पाण्याखालीं खड्डा किती खोल तें पाणी सांगत नाहीं. अंधार पडल्यावर पुढें पांढरा व मागें तांबडा दिवा हवाच. पूर्वीं अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि पितळेचा बिल्ला देत. बिनदिव्याच्या स्वारास पोलीस अडवीत आणि दंड करीत. तो कर गेला तें बरें झालें. पण त्याबरोबर दिव्याची शिस्तही गेली, हें बरें झालें नाहीं.

मेअखेर परीक्षेचा दिवस आला. मुलगी पुढें, आम्ही तिच्या मागें, आणि आई एका ओळखीच्या रिक्षेंतून त्यामागें, अशी आमची वरात बाळकुम नाक्यावरून निघाली. मेट्रोच्या कामाशीं जेथें वाट अरुंद होते, तेथें मागून एका टँकरनें भोंगा वाजविला, पुन्हां वाजविला. अशा वेळीं भित्रें मन कडेच्या खडींत उतरतें आणि पडतें. ती पडली नाहीं. तिनें उजव्या खांद्यावरून एकदां मागें पाहिलें, हात वर-खालीं करून "थांबा" अशी खूण केली, आपली सरळ रेघ सोडली नाहीं. आणि पत्रे संपून रस्ता रुंद होतांच डावीकडे सरकून वाट दिली. टँकर हळूच पुढें गेला. कापूरबावडीस ती आपण होऊन उतरली आणि पायीं पलीकडे गेली. शाळेच्या फाटकाशीं आईनें फक्त एवढेंच विचारलें, "तो भोंगा वाजवीत होता तेव्हां तुला भय नाहीं वाटलें?" मुलगी म्हणाली, "वाटलें ना आई. पण काय करायचें तें ठाऊक होतें." धीराची याहून चांगली व्याख्या आम्हांस आजवर कोणत्याही ग्रंथांत आढळली नाहीं. आईनें परवानगी दिली; मात्र अटी घातल्या. चौक पायीं ओलांडावयाचा, दिवेलागणीपूर्वीं घरीं यावयाचें, मुसळधार पाऊस असेल त्या दिवशीं सायकल नाहीं. आम्हांस त्या सर्व रास्त वाटल्या.

सायकलीनें माणसाची वाट किती लांबवितां येते, याचीं उदाहरणें आपल्या जवळचींच आहेत. १९२३ च्या ऑक्टोबरांत मुंबईहून कांहीं पारशी तरुण सायकलींवर निघाले. त्यांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९२८ च्या मार्चांत परत आले. आमचा हा आग्रा रस्ता ज्या नाशिकाकडे जातो, तेथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिका खंड आडवें ओलांडणारी अतिदीर्घ शर्यत जोडीनें पुरी केली. तमिळनाडूंत पुदुकोट्टई जिल्ह्यांत १९९१ च्या सुमारास साक्षरतेच्या चळवळीबरोबरच हजारों ग्रामीण स्त्रियांस सायकल शिकविण्यांत आली. अक्षरें आणि चाकें यांनीं मिळून त्यांच्या पायांतली बेडी तोडली. आमच्या विद्यार्थिनीस सकाळच्या तासास वेळेवर येतां यावें, ही गोष्ट त्या मानानें लहान. पण जात एकच.

तरीही केवळ शिकवणीवर सर्व सोंपवून चालणार नाहीं. आज सायकलींचा देश म्हणून गाजणाऱ्या हॉलंडांत १९७१ या एका वर्षीं रस्त्यांवर सुमारें ३,३०० माणसें मेलीं, आणि त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. तेव्हां तेथील आईबाप रस्त्यावर उतरले; मुलांचे हे बळी थांबवा, अशी त्यांची मागणी होती. पुढें त्या देशानें सायकलींसाठीं वेगळे मार्ग बांधले, वस्तींतल्या मोटारींचा वेग उतरविला. तेथें शाळेंतल्या मुलांची रहदारीची परीक्षा घेण्याचीही पद्धति आहे. म्हणजे मुलांस शिकविणें आणि रस्ता सुधारणें या दोन्ही गोष्टी त्यांनीं बरोबर केल्या. आमच्या ठाण्यांतही अवजड वाहनांस ठराविक वेळीं मज्जाव करणाऱ्या अधिसूचना पोलीस खात्यानें वेळोवेळीं काढिल्या आहेत. त्या शाळेच्या वेळांशीं जुळाव्या आणि काटेकोर पाळल्या जाव्या, मेट्रोच्या खांबांखालचा रस्ता नीट होतांना दोन हात रुंदीची तरी वाट सायकलींस राखून ठेवावी, एवढें मागण्याचा हक्क मुलांस आणि पालकांस आहे. अर्ज लिहिणें हा तर मराठीच्या अभ्यासक्रमांतलाच विषय आहे. कल्पित विषयांवर अर्ज लिहिण्यापेक्षां आमच्या विद्यार्थ्यांनीं हा खरा अर्ज लिहावा.

बालमित्रहो, मद्यधुंद चालकापासून किंवा एकाएकीं तुटणाऱ्या ब्रेकापासून कोणतीही विद्या पुरतें वांचवूं शकत नाहीं, हें आम्ही तुमच्यापासून लपवीत नाहीं. परंतु टाळतां येण्याजोगे धोके पुष्कळ आहेत, आणि ते टाळण्याची विद्या थोड्या आठवड्यांत शिकतां येते. म्हणून जिन्याखालची सायकल बाहेर काढा; पण थेट मोठ्या रस्त्यावर नेऊं नका. आधीं तिच्या टायरांत हवा भरा, ब्रेक पाहा, मैदानावर एक सरळ रेघ ओढा, आणि त्या रेघेवरून जातां जातां मागें पाहावयास शिका. तें साधलें म्हणजे घरच्या वडील माणसांस बरोबर घ्या, आणि मगच नाक्याकडे वळा.